बैल आणि ट्रॅक्टर, दोन्ही फळं

बाद म्हंजी? बाद कसं काय होतं मॅडम? पोरीनं एक बी उत्तर चुकवलं न्हाई, मी हितं चुलीपाशी बसून कान लावून ऐकायले, सगळं बरोबर — बरं, एक चुकलं. बैल आन् ट्रॅक्टर, दोघांत सारखं काय, असं तुमी विचारलं आन् ती म्हणली, दोन्ही फळं. चुकलंच ते, मी कुठं न्हाई म्हणायले? पण त्यात लेकराचा काय गुन्हा? गेल्या साली तुमी आंबा आन् पेरू विचारलं होतं. ऐनवेळी पेपर बदलता आन् वरून म्हणता बाद. आमच्या लातुरात असा पेपर फिरवला तर पालक कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतेत. बसा, कुठं निघालाव? ते लाल-पांढरे ठोकळे पिशवीत भरायची घाई नका करू. चहा टाकलाय. मेसची पोरं साडेसातशिवाय येत न्हाईत, आता कुठं साडेचार झालेत.

कोणी शिकवलं म्हंजी, मी शिकवलं. भामाबाईनं. लपवायचं काय त्यात, चोरी केली का? गेल्या साली नांदेडला तुमच्या दवाखान्यात तुमी हिची परीक्षा घेतली तवा मी पडद्याच्या अलीकडं बाकड्यावर बसले होते, हातात भाजीची वही. एकेक प्रश्न उतरून घेतला. तिसरी शिकलेली बाई हाय मी, पण हात लई पळतो. आन् ह्या गल्लीत चौदा साल मेस चालवायली मॅडम, चौदा साल — खाली क्लास, वर क्लास, समोर क्लास, माझ्या वरणभातावर किती डॉक्टर झाले त्याची गिनती न्हाई. काय ते तुमचं दिमागाचं शास्त्र, मला नका सांगू. पोरं काय करतेत मी बघत न्हाई का? मागच्या सालचे पेपर घ्यायचे, उत्तरं पाठ करायची, रविवारी सराव परीक्षा. झालं. आमी बी तसंच केलं. सकाळी शाळेच्या आधी आकडे, दुपारी गोष्ट, दिवे लागायच्या टायमाला ठोकळे — ठोकळे मी सुताराकडून करून घेतले, बघा त्या फळीवर, तुमच्यापेक्षा गुळगुळीत हायत. पाच आठ दोन, सहा नऊ चार सात — मला बी पाठ झाले, भाकरी थापताना तोंडात येतेत. उलटे म्हणून दाखवू? सात चार नऊ सहा. घ्या.

तुमी तोंड उघडायच्या आधीच तिनं आकडे म्हणले, हे बी मी ऐकलं. जरा घाई झाली. मी तिला सांगितलं होतं, मॅडमला विचारू दे, मग बोल. पण तुमी अशा तिच्याकडं टक लावून बघत होता, लेकरू घाबरलं.

एक साल थांबा म्हणता? आन् येत्या रविवारी बैठक हाय तिचं काय? तुमाला काय, तुमचा अभ्यास दहा साल चालायचा. आईला नाहीतर बापाला असा मोठा आजार असला तर लेकराचं डोकं कसं वाढतं, ते दर साली तुमी येऊन मोजणार, मोठ्या पुस्तकात छापणार, तुमच्या नावापुढं डॉक्टर लागणार. लागू द्या, मला खुशी हाय. आमचं काय? हरिओम — हिचा बाप, माझा पाठचा भाऊ, मुखेडला बी-बियाणाचं दुकान हाय त्याचं — तो लेक न्यायला यायलाय. संगट त्याचा सासरा हणमंतराव. गेल्या साली ह्याच खोलीत बैठक बसली, तुमी दिलेला कागद मधी ठेवला आन् ठरलं, की शिवलीला एक साल आत्याकडं राहील. सालभरात डोकं सुधरलं तर हितंच ठेवायची, न्हाई सुधरलं तर मुखेडला आईबापापाशी. म्हंजी आता काय, तुमी बाद म्हणून लिहिलं की पोरगी गेली. कळायलंय का तुमाला? एका शब्दात माझं घर रिकामं करायलाव.

आता म्हणाल, हिची आई पुनम बरी हाय. हाव, बरी हाय. सात महिने झाले, गोळ्या टायमावर घ्यायली, महिन्याचं इंजेक्शन चुकत न्हाई, दुकानात बसायली म्हणे. लोक लई कौतुक करायलेत. पुनम भाकरी करायली, पुनम केस विंचरायली, पुनम हसायली. आमी रोज भाकरी करतो, आमचं कौतुक कोण करत न्हाई. दीड साल ती बाई खिडकीशी बोलत होती मॅडम. टीव्हीतला माणूस तिला नावानं हाक मारायचा म्हणे. पंखा लावू द्यायची न्हाई, त्यातून कोणतरी ऐकतंय म्हणून. उन्हाळ्यात, मुखेडच्या उन्हाळ्यात, पंखा बंद. आन् हे लेकरू सात-आठ सालाचं, शाळेतून आलं की उंबऱ्यात पाठ टेकून बसायचं — एक डोळा आईवर, एक रस्त्यावर, की कोण आलं-गेलं तर आधी आपण बोलायचं, आईच्या तोंडून काही निघायच्या आधी. मी एकदा आठ दिवस राहून आले तवा बघितलं. पाढे येत न्हाईत म्हणून मास्तर मारायचा. पाढे कधी पाठ करावेत तिनं? डोकं सगळं उंबऱ्यात गुंतलेलं.

म्हणून मी आणली. चांगलंच केलं. त्या कागदावर तुमीच लिहिलं होतं, लक्ष लागण्याची क्षमता वयाच्या मानानं कमी, आठवणीत ठेवण्याची क्षमता कमी. मी मोठ्यानं वाचून दाखवलं बैठकीत. हणमंतरावांची मान खाली गेली. भला माणूस हाय, शंभर माणसांत उठबस, पण त्या दिवशी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसला. मी म्हणले, मामा, राग मानू नका, पण हे तुमच्या खानदानातून आलंय, आमच्याकडं असलं काही न्हाई. त्याची लेक येडी झालेली, समोर कागद पडलेला. उठला, हात जोडले आन् गाडीत जाऊन बसला.

पूर्ण कागद वाचला का म्हंजी? वाचला की. हां — खालच्या चार ओळी. त्या न्हाई वाचल्या. कागदाची घडी तिथंच होती हो. काय होतं त्यात — आईचा इलाज चालू हाय, लेकराची आईशी गाठभेट ठेवा, भीती कमी झाली की लक्ष लागेल, लेकराच्या बुद्धीत दोष न्हाई — असलंच काहीतरी. तुमाला पाठ हाय तसं मला बी पाठ हाय, मी काय कमी वेळा वाचलं? पण बैठकीत कुठं सगळं वाचतेत? आमदार तर भाषणाचा कागद अर्धाच वाचतो. मी वरचं वाचलं, घडी घातली, पदराखाली ठेवला. तुमी बारीक अक्षरात खाली कामून लिहिता? महत्त्वाचं असलं तर वर लिहायचं.

फोन? फोनचं कोणी सांगितलं तुमाला, हरिओमनं? येतो ना, रोज सहाला पुनमचा फोन येतो. मी सांगते, नेट न्हाई, आवाज तुटायलाय. कधी तुटतो बी. आता सहा म्हंजी माझी कणीक मळायची येळ, पोरीची ठोकळ्याची येळ, त्यात आईचा आवाज ऐकला की हिचं सगळं शिकवलेलं सांडतं. दिवाळीत एकदा दिला होता फोन. चार दिवस बोलली न्हाई कोणाशी. मग मी ठरवलं, नकोच. तसं बी ती बोलते कुठं. हुशार झाली, पण बोलत न्हाई. पोरं जेवायला येतेत, तिला चिडवतेत, एखादा चॉकलेट देतो, ही घेते, थँक्यू म्हणते आन् आत येऊन डब्यात ठेवते. खात न्हाई. डबा भरला चॉकलेटांनी. कोणासाठी ठेवायलीस विचारलं तर डब्याचं झाकण लावते. मला काय कळत न्हाई का कोणासाठी ठेवायली? मी एवढी ढ न्हाई.

तुमी असं नका बघू माझ्याकडं. मी तिला मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई. उलट सांगते, ह्या घरात चौदा सालात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हातचं खाऊन हितंच झोपलं. मेसची पोरं काय, दोन साल मावशी-मावशी करतेत, निकाल लागला की बॅग उचलली, मावशीला कोण ओळखतंय? एक तर हितंच सरकारी दवाखान्यात मोठा डॉक्टर झालाय, मला म्हणला, आजी, तिकडं लाइनीत उभ्या राहा. ही पोरगी आली आन् मला बाजारातून घरी परतताना पाय उचलून टाकावा वाटाया लागला. मला ती पायजे. बस, सांगितलं. डोकं-बिकं सगळं बहाणं हाय, मला ती पायजे.

आन् जिम्मेदारीचं म्हणाल तर असल्या घरातलं लेकरू कसं सांभाळायचं ते माझ्यापेक्षा चांगलं तुमच्या पुस्तकाला बी ठावं नसंल. असल्या माणसाच्या पाठीमागून जायचं नसतं. पुढून जायचं, आवाज देत जायचं, हातात तांब्या असला तर तो दिसंल असा धरायचा. ताट ठेवलं की दोन पावलं मागं सरकायचं, पण पळायचं न्हाई, पळालं की ते बी उठतेत. बोटं बघायची. बोटं पदराशी चाळा करायला लागली की समजायचं, आज दिवस वाईट हाय, बारक्याला उचलून शेजारी न्यायचं —

कसं मालूम म्हंजी? पुनमकडं बघितलं ना आठ दिवस. सांगितलं की मघाशी.

बारका कोण? बारका म्हंजी — तसं म्हणायची पद्धत हाय. तुमी लिहू नका ते. पेन ठेवा खाली. चहा घ्या, थंड व्हायलाय.

बारका म्हंजी हरिओम. झालं? दोन सालाचा होता, मी आठची. आमची माय. तुमच्या पुनमपेक्षा दसपट. तवा कुठला तुमचा दवाखाना आन् कुठल्या गोळ्या, बाहेरचं हाय म्हणून बाप अंगारे आणायचा, लिंबं उतरून टाकायचा, आन् जास्त झालं की तिला कडब्याच्या खोलीत कोंडायचा. बाहेरून कडी. मी दाराच्या फटीतून भाकर सरकवायची. तिनं कधी मला मारलं न्हाई बरं का, एकदाच तांब्या फेकला, तो बी मला दुसरंच कोणी समजून. चांगल्या दिवशी माझी वेणी घालायची, अशी घट्ट की डोळे ताणले जायचे. पाव्हणे आले की बाप मला पुढं उभं करायचा. हात मागं बांधायचे, मान सरळ आन् म्हणायचं, माय माहेरी गेलीया. मी असं झकास म्हणायची मॅडम, एक बी पाव्हण्याला शंका आली न्हाई. आतून दार वाजलं तर म्हणायचं, वासरू बांधलंय. ते बी झकास. शाळा तिसरीला सुटली, पण ह्या विषयात माझा नंबर पहिला. तुमी त्या टायमाला आला असता ठोकळे घेऊन तर मी बी नापासच झाले असते. एका अंगानं भाजलेली भाकर हाय मी, दुसरं अंग कच्चं ते कच्चंच राहिलं.

मेली. हरिओम चार सालाचा असताना. तापानं मेली, असं त्याला सांगितलं, आजून बी तेच मालूम हाय त्याला. माझं लग्न देगलूरला झालं होतं, कोणाला ठावं न्हाई आता ते. सहा महिने नांदले. मग आमच्या गावचं कोणतरी तिकडच्या बाजारात भेटलं आन् बोलून गेलं, की हिची माय कडब्यात कोंडलेली असायची. दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं एसटीत बसवून दिलं. कोण भांडलं न्हाई, कोण रडलं न्हाई, तिकीट काढून दिलं. त्या दिवसापासून मी मायला पुसून टाकलं. फोटो न्हाई, पितरांना पान न्हाई. हरिओमची सोयरीक मी जमवली, तवा हणमंतरावांनी विचारलं होतं, घरात काही आजार-बिजार? मी म्हणले, मामा, देवाच्या दयेनं काही न्हाई. आन् मग गेल्या साली त्याच माणसाला मी खानदान काढून दाखवलं. लई झोंबत असतं हो ते मला, पोळ्या लाटताना मधीच झोंबतं. पण बोलले ते बोलले. आता काय त्याचं.

हे काय काढलं अजून? परीक्षा बाद म्हणलाव ना? घराण्याचा फॉर्म — हा भरायलाच लागतो म्हणता. भरा. आईच्या बाजूचं काय, मामा, मावशी, आजा, कोणालाच न्हाई, ते गेल्या साली हणमंतरावांनीच सांगितलंय. फक्त पुनमला. बरोबर. आता बापाच्या बाजूचं. गेल्या साली हरिओमनं काय सांगितलं? न्हाई. मग झालं की, तेच लिहा, न्हाई. कामून थांबलाव? पेनातली शाई संपली का? मी मघाशी काय बोलले ते घरातलं बोलणं होतं, फॉर्मवरचं न्हाई. माणूस चहा पिताना लई काय बोलतं. मी उद्या म्हणंन मी बोललेच न्हाई. हणमंतरावांच्या हातात हा कागद पडला तर? म्हणतील, ही बाई माझ्या लेकीला येडी म्हणाली आन् हिच्याच घरात — आन् मग पोरगी माझ्याकडं कोण ठेवंल? हरिओम ठेवंल का, ज्याला सख्ख्या बहिणीनं आयुष्यभर खोटी माय सांगितली? लिहा मॅडम. न्हाई. दोन अक्षरं हायत.

शिवलीला? कवाची उभी हाईस तू तिथं दारात? आत जा, ठोकळे आवर. मॅडमचं माझं बोलणं चालू हाय.

काय म्हणलीस?

परत म्हण.

ऐकलं का मॅडम? "माझ्या वडिलांच्या बाजूला कोणालाही मानसिक आजार नाही." किती शुद्ध म्हणते बघा, एक अक्षर इकडं-तिकडं न्हाई. मीच शिकवलं हो. गेल्या साली हा बी प्रश्न माझ्या वहीत आला होता, म्हणलं, न जाणो, लेकराला विचारलं तर. रोज ठोकळे झाले की शेवटी हे एकदा म्हणून घ्यायची मी. तिला वाटलं असंल, आत्या अडकली, उत्तर येईना, आपण सांगावं. बघा कशी उभी हाय. हात मागं बांधलेत. ते न्हाई शिकवलं मी. आईच्यान, ते मी न्हाई शिकवलं. हात सोड पोरी. सोड म्हणते ना, असं उभं राहायचं न्हाई. कोणी सांगितलं असं उभं राहायला?

थांबा, लिहू नका. खोडा ते. लिहिलं नसंल तर बरंच झालं. हाय म्हणून लिहा. बापाची आई. नाव कस्तुराबाई. वय लिहायचं तर मला ठावं न्हाई, मेली तवा माझ्यापेक्षा लई तरुण होती. आजार तुमी काय लिहायचा ते लिहा, तुमचे शब्द तुमाला मालूम. सही? द्या. हितं ना?

हरिओमला मी सांगते. तुमी फोन करायचा न्हाई, माझ्या तोंडून जाऊ द्या. हणमंतरावांना बी मीच. रविवारी येतील ना सगळे, बसतील हितंच. पोरीची बॅग मग काय ते बघू, त्याचं मला आत्ता नका विचारू.

उरलेला चहा राहू द्या. उठा तुमी. शिवलीला, बस हितं, माझ्या पुढ्यात बस, वेणी घालते. आजी कोण म्हणून विचारायलीस ना? सांगते. मॅडम, उठा म्हणले ना, चपला बाहेर हायत. पोरं जेवायला यायच्या आत मला हिला सांगायचंय.